डोळ्यातील इंजेक्शनांचा उपचार वर्षानुवर्षे कसा सांभाळावा

उतारवयात होणाऱ्या मॅक्युलर डिजनरेशनच्या ओल्या प्रकाराचे निदान झाले की रुग्ण आणि घरची माणसे बहुधा एकच प्रश्न आधी विचारतात: एकूण इंजेक्शने किती घ्यावी लागतील? प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, कारण हा ठरावीक मात्रांत संपणारा कोर्स नाही. रक्तदाबाच्या गोळीप्रमाणे तो चालू ठेवावा लागतो. ही गोष्ट सुरुवातीलाच नीट समजली नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, जेव्हा नजर स्थिर असते आणि काही घडत नाही असे वाटते, तेव्हा भेटी लांबू लागतात. माझ्या मते पुढे होणाऱ्या दृष्टिनाशाचा टाळता येण्याजोगा भाग बऱ्याच अंशी याच शांत काळात घडतो, आणि म्हणून खालील मार्गदर्शनाचा भर पहिल्या तीन इंजेक्शनांपेक्षा त्यानंतरच्या वर्षांवर आहे.

औषध काय करते आणि काय करत नाही

डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग म्हणजे मॅक्युला. वाचणे, चेहरे ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सारी कामे या काही मिलिमीटरांच्या भागावर अवलंबून असतात. ओल्या प्रकारात या भागाखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि त्यांतून द्रव व रक्त झिरपते. ही वाढ घडवण्यात व्हीईजीएफ या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. त्याच प्रथिनाला अडवणारी औषधे डोळ्याच्या आतील जेलीसारख्या भागात टोचली जातात. रॅनिबिझुमॅबला अमेरिकेत २००६ मध्ये आणि अफ्लिबरसेप्टला २०११ मध्ये मान्यता मिळाली. बेव्हासिझुमॅब हे मुळात मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झालेले औषध आहे, पण २००५ पासून डोळ्यातही त्याचा वापर होऊ लागला आणि पुढे थेट तुलनेत ते दृष्टीच्या बाबतीत रॅनिबिझुमॅबच्या तोडीचे ठरले.

ही औषधे आधीच तयार झालेले प्रथिन निष्प्रभ करतात, पण डोळ्यात ते तयार होण्याचे थांबवत नाहीत. काही आठवड्यांत औषधाचा अंमल ओसरतो, शांत झालेल्या वाहिन्या मात्र बहुधा जागच्या जागीच असतात. पडदा कोरडा दिसतो याचा अर्थ आजार गेला असा नसून औषध पुरे पडत आहे असा आहे. दोन भेटींमधील अंतर ठरवण्यामागचा सगळा विचार या एका वस्तुस्थितीतून निघतो.

दीर्घकालीन निकाल कसे वाचावेत

अभ्यासांमध्ये दृष्टी अक्षरांत मोजतात. तक्त्यावरील एका ओळीत पाच अक्षरे असतात, आणि पंधरा अक्षरांचा, म्हणजे तीन ओळींचा फरक हा रुग्णाला रोजच्या कामात स्पष्ट जाणवणारा बदल मानला जातो. एवढे लक्षात ठेवले की पुढील आकडे समजायला सोपे जातात.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मरीना’ अभ्यासात ७१६ रुग्ण होते. दर महिन्याला रॅनिबिझुमॅबची पूर्ण मात्रा घेणाऱ्या गटाने दोन वर्षांअखेर सरासरी ६.६ अक्षरे कमावली, तर लुटुपुटीचे इंजेक्शन दिलेल्या गटाने १४.९ अक्षरे गमावली. दोन्ही गटांत सुमारे एकवीस अक्षरांचे, म्हणजे चार ओळींहून अधिक अंतर पडले. उपचार न केल्यास काय होते, याचे याहून स्पष्ट चित्र क्वचितच मिळेल.

पण दोन वर्षांनंतर अभ्यासाची शिस्त संपली आणि रुग्ण नेहमीच्या व्यवहारात परतले. ‘मरीना’ आणि तिच्या जोडीच्या अभ्यासातील ६५ रुग्णांना सरासरी ७.३ वर्षांनी पुन्हा तपासले गेले. ‘सेव्हन-अप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाहणीत नजर सुरुवातीच्या पातळीपेक्षा सरासरी ८.६ अक्षरांनी खाली आलेली आढळली. सुमारे ३७ टक्के डोळ्यांची दृष्टी ६/६० (म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारे अक्षर सहा मीटरवरूनच दिसणे) किंवा त्याहून कमी झाली होती. हे वाचून मन खचते, आणि ‘मग इतकी इंजेक्शने घेऊन उपयोग काय’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मात्र त्याच पाहणीतील दुसरा आकडा आधी पाहावा. शेवटच्या सुमारे ३.४ वर्षांत या रुग्णांना सरासरी अवघी ६.८ इंजेक्शने मिळाली होती, म्हणजे वर्षाला दोन. याच काळात अकरा किंवा अधिक इंजेक्शने घेतलेल्यांची दृष्टी इतरांपेक्षा चांगली राहिली.

अमेरिकेतील ‘कॅट’ या मोठ्या अभ्यासाचा पाच वर्षांचा निकाल २०१६ मध्ये आला. तोवर तपासणीस आलेल्या ६४७ रुग्णांपैकी निम्म्यांची उपचार केलेल्या डोळ्याची दृष्टी ६/१२ किंवा त्याहून चांगली होती, आणि २० टक्क्यांची ६/६० किंवा त्याहून कमी. सुरुवातीच्या तुलनेत सरासरी घट फक्त तीन अक्षरांची होती, परंतु दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जी पातळी गाठली होती तिच्याशी तुलना केल्यास घट अकरा अक्षरांची होते. पहिल्या दोन वर्षांत कमावलेले पुढच्या तीन वर्षांत गळून गेले, असा याचा सरळ अर्थ आहे.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि स्वित्झर्लंड येथील दैनंदिन उपचारांच्या नोंदींची दहा वर्षांची तुलना २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या ठिकाणी दहा वर्षांत इंजेक्शनांची मध्यक संख्या (निम्म्या डोळ्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ५३ होती आणि दृष्टीतील सरासरी घट एका अक्षराहूनही कमी होती. दुसऱ्या ठिकाणी ४२ इंजेक्शने आणि सुमारे पंधरा अक्षरांची घट. दोन्ही ठिकाणचे रुग्ण सर्व बाबतींत सारखे नसतात, त्यामुळे साऱ्या फरकाचे श्रेय इंजेक्शनांच्या संख्येला देणे योग्य होणार नाही. तरीही अनेक देशांतील आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात. ‘ऑरा’ या बहुदेशीय पाहणीत पहिल्या वर्षी सरासरी पाच आणि दुसऱ्या वर्षी २.२ इंजेक्शने दिली गेली, तेव्हा पहिल्या वर्षाअखेर असलेली २.४ अक्षरांची कमाई दुसऱ्या वर्षाअखेर ०.६ वर आली.

हे सगळे वाचताना एक सावधगिरी बाळगावी. दहा वर्षांनी तपासणीस येणारे रुग्ण हे मुळात टिकून राहिलेले रुग्ण असतात. काहींचे निधन झालेले असते, काहींनी निराश होऊन येणे सोडलेले असते. म्हणून सरासरीचा आकडा स्वतःच्या डोळ्याचे भविष्य म्हणून घेऊ नये. सुरुवातीची दृष्टी, उपचार सुरू होण्यास झालेला उशीर आणि वाहिन्यांचा आकार या गोष्टी प्रत्येकाच्या बाबतीत वेगळ्या असतात. ज्यांची नजर सुरुवातीला चांगली असते त्यांची कमाई कमी दिसते, कारण वर चढायला जागाच थोडी असते, पण वर्षांनंतरही वाचू शकणाऱ्यांमध्ये त्यांचीच संख्या जास्त असते. सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्यापासून पहिल्या इंजेक्शनपर्यंत गेलेला प्रत्येक आठवडा त्यामुळेच मोलाचा असतो.

पडदा कोरडा असूनही नजर का उतरते

नियमित उपचार घेणाऱ्यालाही काही वर्षांनी हा अनुभव येऊ शकतो. डॉक्टर ‘द्रव नाही’ म्हणतात, आणि रुग्णाला मात्र अक्षरे पूर्वीपेक्षा अंधुक दिसतात. यामागे मुख्यतः दोन कारणे असतात. पहिले म्हणजे शोष: पडद्याच्या पेशी आणि त्यांना पोसणारा थर हळूहळू विरत जातो. ‘सेव्हन-अप’ पाहणीत तो ९८ टक्के डोळ्यांत कमी-अधिक प्रमाणात दिसला. दुसरे म्हणजे व्रण: जुन्या वाहिन्यांच्या जागी तंतुमय ऊतक तयार होते. इंजेक्शन द्रवावर काम करते. शोष भरून काढण्याची किंवा व्रण विरघळवण्याची शक्ती त्याच्यात नाही.

दर महिन्याला इंजेक्शन दिल्यानेच शोष वाढतो का, हा प्रश्न अनेकांना सतावतो. ‘कॅट’ अभ्यासात दोन वर्षांअखेर मासिक गटात शोष काहीसा अधिक आढळला, ही गोष्ट खरी आहे. तरीही दृष्टीच्या बाबतीत तोच गट किंचित सरस होता, आणि शोष हा मूळ आजाराचाही भाग असल्यामुळे केवळ या भीतीने इंजेक्शने कमी करणे शहाणपणाचे नाही.

म्हणून प्रत्येक भेटीत डॉक्टरांना दोन स्वतंत्र प्रश्न विचारण्याची सवय लावावी. द्रव आहे का, आणि असल्यास तो पडद्याच्या थरांमध्ये आहे की पडद्याखाली? शोष किंवा व्रण मागच्या वेळेपेक्षा वाढला आहे का? पहिल्या प्रश्नातील भेद निरर्थक नाही. थरांमधला द्रव नजरेला अधिक घातक असतो, तर पडद्याखालील थोडा, न वाढणारा द्रव काही प्रमाणात चालवून घेता येतो, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लुइड’ अभ्यासात दिसले. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र पाहिली म्हणजे नजर उतरण्याचे कारण उपचार अपुरा असणे आहे की त्याच्या आवाक्याबाहेरचे काही, हे कळते.

भेटींचे वेळापत्रक समजून घ्या

सुरुवातीला साधारणपणे महिन्याच्या अंतराने तीन इंजेक्शने देतात. त्यानंतर तीन मार्ग असतात. एक, दर महिन्याला किंवा ठरावीक अंतराने देत राहणे. दोन, दर महिन्याला तपासून द्रव दिसला तरच देणे. यात इंजेक्शने वाचतात, भेटी वाचत नाहीत, आणि भेटीच चुकल्या तर ही पद्धत पार कोसळते. तिसरी पद्धत अंतर वाढवत नेण्याची आहे, आणि आज तीच सर्वांत अधिक वापरली जाते. तिच्यात प्रत्येक भेटीत ओसीटी स्कॅन (प्रकाशाने घेतलेले पडद्याच्या थरांचे चित्र) होतो आणि इंजेक्शनही दिले जाते. पडदा कोरडा असेल तर पुढची भेट दोन आठवड्यांनी लांबवतात, म्हणजे चारावरून सहा, सहावरून आठ आठवडे, आणि डोळा साथ देईल तसे बारा किंवा सोळा आठवड्यांपर्यंत. द्रव पुन्हा दिसला की अंतर कमी करतात.

इथे एक गैरसमज हमखास होतो. कोरड्या पडद्यावर इंजेक्शन दिले जाते हे पाहून रुग्णाला ते अनावश्यक वाटते. वास्तविक पडदा कोरडा असतानाच पुढची मात्रा द्यायची, द्रव साठू द्यायचाच नाही, हाच या पद्धतीचा गाभा आहे. प्रत्येक वेळी द्रव परत येऊ देऊन मग तो आटवल्यास पडद्याला दर खेपेला थोडी इजा होत राहते. आणखी एक गोष्ट: तुमच्या डोळ्याला सहा आठवडेच मानवत असतील आणि शेजारच्या खुर्चीवरील रुग्णाला चौदा, तर त्यात तुमच्या उपचाराचे अपयश नाही. सर्वांना सरसकट तीन महिन्यांचे अंतर देऊन पाहिलेल्या ‘पियर’ अभ्यासात पहिल्या तीन मात्रांची कमाई वर्षाअखेर संपूर्ण गेली होती.

अलीकडची काही औषधे अधिक काळ टिकतात. फॅरिसिमॅबला २०२२ मध्ये आणि अफ्लिबरसेप्टच्या ८ मिलिग्रॅम मात्रेला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि अनेक रुग्णांमध्ये त्यांचे अंतर सोळा आठवड्यांपर्यंत नेता येते. भेटींचा भार असह्य होत असेल तर बदलाविषयी डॉक्टरांशी जरूर बोलावे. मात्र या औषधांचा दहा वर्षांचा अनुभव अजून जमा व्हायचा आहे, आणि जुन्या औषधाने डोळा कोरडा राहत असेल तर केवळ ते नवे आहे म्हणून बदल करण्याची घाई नको.

स्वतःची नोंदवही

मी प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना एक साधी वही ठेवण्याचा आग्रह करीन, कारण आठ-दहा वर्षांत डॉक्टर बदलतात, रुग्णालय बदलते, स्कॅनचे यंत्र बदलते आणि जुने कागद हरवतात. प्रत्येक भेटीची एक ओळ पुरे: तारीख, कोणता डोळा, औषधाचे नाव, चष्मा लावून तक्त्यावर वाचलेली दृष्टी, द्रव होता की नाही, आणि पुढची भेट किती आठवड्यांनी. वर्षातून एकदा ओसीटीच्या छापील प्रती मागून वहीत लावाव्यात. अंतर आठ आठवड्यांवर नेले की दर वेळी द्रव परततो, अशी गोष्ट वहीत तीन ओळी एकाखाली एक आल्या की लगेच दिसते. नव्या डॉक्टरांना तीच कळायला सहा महिने लागू शकतात.

भेट चुकलीच, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच फोन करून जवळची वेळ घ्यावी. काही महिने खंड पडलेल्या डोळ्यांत उपचार पुन्हा सुरू केल्यावर द्रव आटतो, पण गेलेली दृष्टी अनेकदा पूर्णपणे परत येत नाही. बहुतेक वेळा खंड पडण्याचे कारण वैद्यकीय नसते. सोबत येणारे माणूस मिळत नाही, एवढेच असते. म्हणून सोबतीसाठी निदान दोन माणसे आधीच ठरवून ठेवावीत आणि वर्षभराच्या संभाव्य तारखा त्यांना कळवाव्यात.

इंजेक्शनचा दिवस आणि नंतरचा आठवडा

याबाबत फार लिहिण्याची गरज नाही. डोळा थेंबांनी बधिर करतात, पोव्हिडोन आयोडीनने निर्जंतुक करतात आणि बुबुळाच्या कडेपासून साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर मागे अतिशय बारीक सुईने ०.०५ मिलिलिटर औषध देतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सहसा बंद कराव्या लागत नाहीत आणि स्वतःच्या मनाने तर मुळीच करू नयेत. नुकताच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, किंवा डोळा चिकटत-लाल होत असेल, तर इंजेक्शनआधी सांगावे. पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग, एखाद दिवस खुपणे आणि डोळ्यासमोर काही बुडबुडे दिसणे, यांत घाबरण्यासारखे काही नाही.

घाबरून धावत जावे अशी लक्षणे वेगळी आहेत: दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाणे, लाली वाढणे, उजेड असह्य होणे, नजर धूसर होणे, अचानक खूप काळे ठिपके किंवा प्रकाशाच्या रेघा दिसणे. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे साधारण एक इतके कमी आहे, पण झाल्यास तासांचाही उशीर महाग पडतो. दहा वर्षांत पन्नास इंजेक्शने घेणाऱ्याने ही लक्षणे पहिल्या दिवसाइतकीच पन्नासाव्या वेळीही लक्षात ठेवावीत. सरावाने आलेली बेफिकिरी इथे धोक्याची आहे.

घरी पाळत, विशेषतः दुसऱ्या डोळ्यावर

एका डोळ्याला ओला प्रकार झाला की दुसऱ्यालाही तो होण्याची शक्यता बरीच वाढते, आणि दीर्घकाळात माणूस वाचू शकेल की नाही हे अनेकदा या दुसऱ्या डोळ्यावर ठरते. ॲम्स्लरची चौकटीची जाळी यासाठी उपयोगी पडते. वाचनाचा चष्मा लावून, सुमारे ३० सेंटिमीटरवर धरून, एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे पाहावे. रेषा वाकड्या, तुटक किंवा पुसट दिसल्या तर त्याच आठवड्यात तपासून घ्यावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिल्यास चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो आणि बदल महिनोन्‌महिने कळत नाही. जाळीला सर्व बदल पकडता येत नाहीत, त्यामुळे ती ठीक दिसते म्हणून स्कॅन टाळू नये.

धूम्रपान सोडणे हा स्वतःच्या हातात असलेला सर्वांत मोठा उपाय आहे. जीवनसत्त्वे आणि खनिजांच्या गोळ्यांबाबत २०१३ मध्ये आलेल्या ‘एरेड्स-टू’ अभ्यासातील मिश्रण प्रमाण मानतात: ‘क’ जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ‘ई’ ४०० युनिट, ल्युटीन १० व झिॲझँथिन २ मिलिग्रॅम, जस्त आणि तांबे. हे मिश्रण मध्यम अवस्थेतील डोळा पुढच्या अवस्थेत जाण्याची शक्यता कमी करते, म्हणून त्याचा लाभ प्रामुख्याने त्या दुसऱ्या डोळ्याला होतो. इंजेक्शनची जागा ते घेऊ शकत नाही. धूम्रपान करणाऱ्यांनी किंवा पूर्वी करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीन असलेली गोळी टाळावी, कारण तिचा संबंध फुप्फुसाच्या कर्करोगाशी आढळला आहे.

थांबण्याचा निर्णय

मध्यभागी मोठा व्रण झाला असेल, किंवा शोषाने मध्यबिंदू व्यापला असेल आणि सलग अनेक भेटींत इंजेक्शनचा काही लाभ दिसत नसेल, तर उपचार थांबवणे रास्त ठरू शकते. खूप लांब अंतरावरही डोळा दीर्घकाळ कोरडा राहिल्यास काही तज्ज्ञ प्रयोगादाखल थांबतात. पण दोन्ही परिस्थितींत निर्णय डॉक्टरांसमवेत, वहीतील नोंदी समोर ठेवून घ्यावा आणि त्याच भेटीत पुढच्या तपासणीची तारीखही ठरवावी, कारण शांत वाहिन्या महिन्यांनी किंवा वर्षांनीही पुन्हा झिरपू शकतात. ‘आता नजर तशीही गेलीच आहे’ असे म्हणून घरच्या घरी थांबणे वेगळे. त्यात उरलेली दृष्टीही जाते, आणि चालताना पायरी दिसण्याइतकी नजरही स्वावलंबनासाठी फार मोठी असते.

मधली नजर गेली तरी या आजारात बाजूची नजर सहसा टिकते, ही गोष्ट घाबरलेल्या रुग्णाला आवर्जून सांगावी. भिंग, मोठ्या अक्षरांचा फोन, मजकूर वाचून दाखवणारे ॲप आणि पानावर थेट पडणारा दिवा यांचा सराव नजर बरीच उरलेली असतानाच सुरू केला तर तो सोपा जातो. तेवढ्यासाठी लो व्हिजन तज्ज्ञाकडे जाण्यास उपचार संपण्याची वाट पाहू नये. आणि कोणा ज्येष्ठाला खोलीत नसलेली माणसे, फुलांचे नक्षीकाम किंवा भिंती दिसू लागल्या, तरी ते खरे नाही हे त्यांना उमगत असेल, तर बहुधा तो शार्ल बोने सिंड्रोम असतो. नजरेकडून कमी माहिती मिळू लागली की मेंदू स्वतःच चित्रे रचतो. वेड लागल्याची ती खूण नाही. वेड्यात काढतील या भीतीने अनेक जण हे कोणालाच सांगत नाहीत, म्हणून घरच्यांनीच पुढच्या भेटीपूर्वी एकदा हळुवारपणे विचारावे.